डी अँड डीचे नियम बदलतायत? गावातल्या टेबलाचं मत कंपनीपर्यंत असं पोचवा

दारव्हा, आर्वी, वरूड, मूल अशा एखाद्या तालुक्यात किंवा तिथल्या खेड्यात तुम्ही चार-सहा जण मिळून डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा फासे टाकून गोष्टीतली पात्रं होऊन खेळायचा खेळ खेळत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पुस्तक एकाकडेच, फासे वाटून घेतलेले, आणि नियमांवर वाद घालायला मात्र सगळे तयार. तेवढ्यात कळतं की काही नियम बदलणार आहेत आणि कंपनी खेळाडूंचं मत मागतेय. मग कोणीतरी म्हणतंच, "आपलं कोण आयकते बावा तिकडं?"

ऐकतात, आणि त्याचा पुरावा छापील आहे. २०१२च्या मे महिन्यात विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने पाचव्या आवृत्तीचा कच्चा मसुदा लोकांना खेळून बघायला खुला केला. २०१४ साली ‘प्लेयर्स हँडबुक’ आलं, तेव्हा १,७५,०००हून जास्त चाहत्यांनी चाचणी केल्याची नोंद त्या पुस्तकातच छापली गेली. पुढे १८ ऑगस्ट २०२२ला नव्या नियमांची चाचणी जाहीर झाली. एकामागून एक मसुदे आले, त्यांवर सर्वे झाले, आणि १७ सप्टेंबर २०२४ला सुधारित हँडबुक बाजारात आलं. मधल्या काळात कितीतरी गोष्टी लोकांच्या मतावरून मागे घेतल्या गेल्या. त्यातल्या काही पुढे येतील.

आमचं टेबल, म्हणजे आमचा खेळणारा गट, हे सर्वे भरतं. मसुदा कुठे असतो, सर्वे कधी उघडतो, त्यात लिहायचं काय, इंग्रजीचं काय करायचं, हे सांगणारं आम्हाला कोणी भेटलं नव्हतं. तुम्हाला तरी चाचपडावं लागू नये म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

आधी हे जमवा

- प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल आणि डी अँड डी बियॉन्ड या कंपनीच्या संकेतस्थळावरचं फुकट खातं. टेबलावर शाळकरी लेकरं असतील तर त्यांचं खातं आईवडिलांना विचारूनच.
- चाचणीच्या मसुद्याची पीडीएफ, फोनमध्ये उतरवून ठेवलेली.
- तुलनेसाठी चालू नियम. पुस्तक घेणं परवडत नसेल तर एसआरडी नावाचा मूळ नियमांचा संच फुकट मिळतो.
- फासे, चौकटीची वही, राक्षसांसाठी बटणं किंवा तुरीचे दाणे.
- नोंदींसाठी वेगळी वही, आणि त्या दिवशी फक्त नोंदी ठेवायला तयार असलेला एक माणूस.

फाशांबद्दल थोडं सविस्तर. वीस बाजूंचा फासा तालुक्याच्या खेळण्यांच्या दुकानात मिळायचा नाही. ऑनलाइन मागवा, नाहीतर फोनवरचं फुकट ॲप वापरा. दोन्ही जमत नसेल तर १ ते २० आकड्यांच्या सारख्या घड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि स्टीलच्या डब्यात टाका. प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी डब्यात परत गेलीच पाहिजे आणि डबा हलवलाच पाहिजे. चिठ्ठी बाहेर राहिली की पुढच्या आकड्यांची शक्यता बदलते, आणि मग तुम्ही तपासताय तो कंपनीचा नियम राहत नाही.

१. जे हातात आलंय ते नेमकं काय आहे, ते ओळखा

बदलांच्या बातम्या चार प्रकारच्या असतात आणि सगळ्या एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतात. पहिला प्रकार चाचणीचा मसुदा. डी अँड डीमध्ये तो बहुतेक वेळा ‘अनअर्थ्ड आर्काना’ या नावाने येतो आणि हे अंतिम नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. मत मागतात ते याच्यावर. दुसरा प्रकार येणाऱ्या पुस्तकाची जाहिरात. त्यातले नियम ठरून गेलेले असतात, तिथे मत देऊन हाती काही लागत नाही. तिसरा म्हणजे छापून झालेल्या पुस्तकातल्या चुकांची दुरुस्ती. चौथा म्हणजे अफवा, कोणाच्या तरी व्हिडिओतून आलेली.

मसुदा आला की सर्वे त्याच दिवशी उघडेल असं धरू नका. लोकांना वाचायला आणि खेळायला वेळ मिळावा म्हणून तो बहुधा काही दिवसांनी उघडतो आणि ठरावीक मुदतीत बंद होतो. दोन्ही तारखा मसुद्याच्या घोषणेतच असतात. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.

तारखेत एक फसगत होते. कंपनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यातली. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं. त्यामुळे अजून एक दिवस आहे की संपला, यावर आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. वर शेवटच्या रात्रीच नेमकी वीज जाते किंवा टॉवरची रेंज. मुदतीच्या दोन दिवस आधी भरून मोकळं व्हा.

२. पीडीएफ उतरवा, पण सगळीच छापू नका

खात्यात लॉगिन करून मसुदा उतरवा. गावात रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्या आणि बाकीच्यांना ब्लूटूथने द्या. झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण मसुदा छापायला पैसे घालू नका. आपल्या टेबलावर जे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, खेळले जातात तेवढीच पानं काढा. ड्रूइड (प्राण्याचं रूप घेणारं जादूगार पात्र) कोणी खेळतच नसेल तर ड्रूइडची पानं कशाला?

एकच खातं सगळ्यांनी वापरायचं, ही चूक खूप टेबलं करतात. पाच जण खेळलात तर पाच मतं गेली पाहिजेत, आणि ती पाच वेगवेगळी असू शकतात. उलट एकाच माणसाने पाच खाती उघडून तेच उत्तर पाचदा भरू नये. तसं केलं की ज्या आकड्यांवर विश्वास ठेवून खेळ घडतो, त्याच आकड्यांत आपण भेसळ करतो.

३. जुना आणि नवा नियम शेजारी शेजारी लिहा

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे चालू नियम, उजवीकडे नवा, आणि खाली आपल्या शंका. हे मराठीतच करा, म्हणजे ज्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे तोही वादात उतरतो. टर्न (एकाची पाळी), राऊंड (सगळ्यांच्या पाळ्यांची एक फेरी), ॲक्शन (पाळीतली कृती), रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला दिलेलं झटपट उत्तर) हे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवा.

शब्द किती बारकाईने वाचायचे, याचं एक उदाहरण देतो. २०१४च्या नियमात रोगचा (Rogue, म्हणजे चोरटं, चपळ पात्र) स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेला जादा घाव, ‘प्रत्येक टर्नमध्ये एकदा’ चालायचा. म्हणजे शत्रू शेजारून पळाला तर दुसऱ्याच्या टर्नमध्येही, रिॲक्शन वापरून, रोगला तो मारता यायचा. सप्टेंबर २०२२च्या मसुद्यात तो फक्त स्वतःच्या टर्नपुरता ठेवला होता. ओळ तीच, बदल दोन-चार शब्दांचा, पण चलाख रोगची अर्धी मजा गेलेली. भरभर वाचणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नसतं. लोकांनी हरकत घेतली आणि २०२४च्या पुस्तकात ‘प्रत्येक टर्नमध्ये एकदा’ परत आलं.

मराठीत नोंदी करताना हक्कांचंही भान ठेवा. एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला आहे. त्याचा स्रोत नमूद करून तुम्ही त्याचं मराठी भाषांतर करू शकता, छापू शकता, विकूसुद्धा शकता. ती मुभा चाचणीच्या मसुद्याला नाही. मसुद्यावरच्या मराठी नोंदी आपल्या टेबलापुरत्या ठेवा, त्यांची पुस्तिका करून वाटू नका.

४. खेळून बघा. हे टाळलंत तर बाकी सगळं वाया

वाचून मत देणारे ढिगाने असतात. खेळून देणारे कमी, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. मला या लेखातली एकच गोष्ट तुमच्या डोक्यात बसवायची असेल तर ती ही.

त्यासाठी चालू मोहीम, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी गोष्ट, थांबवायची गरज नाही. एका दुपारची छोटी लढाई रचा, जी मुद्दाम त्या बदललेल्या नियमावर येऊन आदळेल. आम्ही बहुतेक वेळा गाविलगड घेतो. चिखलदऱ्याजवळचा तो किल्ला टेबलावरच्या सगळ्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे तटबंदी, दरवाजा, तलाव समजावत बसावं लागत नाही. आत गॉब्लिन टाका, लांडगे टाका, झालं. मग तीच लढाई, तेच राक्षस, तीच जागा, दोनदा खेळा. एकदा जुन्या नियमाने, एकदा नव्या. एकाच वेळी चार नवे नियम लावले की कशामुळे काय झालं ते कळत नाही. एका बैठकीला एकच बदल.

आता एक बैठक जवळून दाखवतो. फेब्रुवारी २०२३च्या मसुद्यात ड्रूइडचा वाइल्ड शेप, म्हणजे प्राण्याचं रूप घ्यायची क्षमता, बदलला होता. जुन्या नियमात ड्रूइड राक्षसांच्या यादीतला खरा प्राणी निवडायचा आणि त्या प्राण्याचे सगळे आकडे त्याला मिळायचे. नव्या मसुद्यात जमिनीवरच्या सगळ्या प्राण्यांसाठी एकच साचा होता. रूप हवं ते घ्या, आकडे सगळ्यांना सारखे.

आमच्या टेबलावरच्या एका मुलीने तिसऱ्या लेव्हलची मून ड्रूइड, म्हणजे प्राणी होऊन लढण्यात तरबेज ड्रूइड, घेतली. ती ताडोबाच्या बाजूची, तेव्हा वाघ होणार हे ठरलेलंच. जुन्या नियमाने वाघ झाली तर वाघाचे ३७ हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचे गुण) वेगळे मिळाले, चाल ४० फूट, आणि पाऊन्स मिळाला. म्हणजे वीस फूट सरळ धावत जाऊन पंजा मारायचा, समोरचा कोलमडला तर बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे त्याच पाळीतल्या जादा कृतीत, त्याला चावायचं. तिने दरवाजातून उडी घेतली, गॉब्लिनच्या म्होरक्याला लोळवलं आणि अख्खं टेबल ओरडलं. मग नव्या नियमाने तीच लढाई लावली. तिने साच्यातले आकडे वहीत उतरवले, शेजारच्या पोराने गंमत म्हणून विचारलं की लांडगा झाली असतीस तर काय मिळालं असतं, आणि तिने तोच कागद त्याच्यापुढे सरकवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, मंग मी वाघ कायले झाली?"

त्या दिवसाची सगळ्यात कामाची नोंद तीच होती.

पण नोंदवहीत दुसरी बाजूही होती. जुन्या नियमाने खेळताना प्राणी निवडायला, त्याचं पान शोधायला आणि आकडे उतरवायला इतका वेळ गेला की दोघं जण उठून चहा ठेवायला गेले. नव्या साच्याने तिची पाळी झटक्यात झाली. डाव वेगात चालणं ही छोटी गोष्ट नाही, विशेषतः टेबलावर नवीन माणसं असतात तेव्हा. आम्ही दोन्ही गोष्टी लिहून पाठवल्या. अनेकांना तो साचा आवडला नव्हता, आणि २०२४च्या पुस्तकात खऱ्या प्राण्यांचे आकडे परत आले. मात्र ड्रूइडने आधीच ठरावीक प्राणी शिकून ठेवायचे अशी सोय झाली, म्हणजे ऐन लढाईत पुस्तक चाळत बसणं वाचलं. आमच्या पत्रानेच हे झालं असं म्हणणार नाही. पण हजारो टेबलांनी आपलं म्हणणं मांडलं, त्यात एक टेबल आमचं होतं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

५. नोंदी कशा ठेवायच्या

नोंदी ठेवणाऱ्याने त्या दिवशी खेळू नये, आणि डीएमनेही, म्हणजे डाव चालवणाऱ्यानेही, नोंदी ठेवायला जाऊ नये. त्याचे हात आधीच भरलेले असतात. लिहायचं साधं: लढाई किती राऊंड चालली, कोण किती वेळा खाली पडलं, नियम बघायला किती वेळा थांबावं लागलं, कोण बराच वेळ नुसतं बसून होतं, हसू कुठे आलं, कंटाळा कुठे आला. फाशाचे आकडे जमले तर लिहा, नाही जमले तरी चालतं.

डाव संपल्याबरोबर, मंडळी पांगायच्या आत, प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: पुढच्या मोहिमेत हा नियम ठेवायचा का? कारण नंतर विचारा. आधी कारणं विचारली की मोठ्याने बोलणाऱ्याचं मत सगळ्यांचं होऊन बसतं, आणि वयाने लहान पोट्टे तर गप्पच राहतात.

घरी जाऊन नोंदी तीन भागांत वेगळ्या करा. काय झालं, काय वाटलं, काय हवं. तिसरा भाग सगळ्यात छोटा ठेवा. नवीन नियम रचण्यासाठी त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. टेबलावर काय घडलं हे मात्र तुमच्याशिवाय त्यांना कोणी सांगू शकत नाही.

६. सर्वे भरणे

सर्वेत प्रत्येक मोठ्या बदलापुढे समाधानाची पातळी विचारतात: खूप समाधानी, समाधानी, असमाधानी, खूप असमाधानी. मधला, म्हणजे ‘ठीकठाक’ असला पर्याय बहुधा नसतो, कोणत्यातरी बाजूला जावं लागतं. त्यानंतर लिहायला मोकळी जागा येते. सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायलाच हवीत असं नाही. जे खेळलात त्याच्यावरच लिहा. जे फक्त वाचलं त्यावर लिहायचं असेल तर ‘वाचून मत देतोय, खेळलेलो नाही’ असं स्पष्ट म्हणा.

आकड्यांचं काय होतं, हे खेळाचे तेव्हाचे एक मुख्य रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. समाधानी लोक ७० टक्क्यांच्या वर असतील तर गोष्ट बरोबर दिशेने चाललीय असं धरतात. ८० टक्क्यांपर्यंत गेली तर उत्तमच. ७०च्या खाली गेली तर दुरुस्ती, आणि फारच खाली गेली तर माघार. म्हणून खूण करताना विचार करा. कल्पना आवडली पण एक कोपरा खटकतो, तर ‘समाधानी’ निवडा आणि तो कोपरा खाली लिहा. एका कोपऱ्यासाठी रागाने ‘खूप असमाधानी’ दाबलंत, तर आवडलेली कल्पनाही बुडायला तुम्ही हातभार लावता.

आता मोकळी जागा. ग्रामसभेत ‘रस्ता खराब आहे’ म्हटलं तर त्याचं काही होत नाही. ‘शाळेपासून नाल्यापर्यंतच्या रस्त्यात पावसाळ्यात बैलबंडी फसते’ म्हटलं की ठरावात काहीतरी लिहावं लागतं. इथेही तसंच लिहा.

असं लिहू नका: ‘नवीन वाइल्ड शेप एकदम बेकार आहे. ड्रूइडची वाट लावली. जुनाच परत आणा.’

असं लिहा: ‘आम्ही पाच जण तिसऱ्या लेव्हलवर एकच लढाई दोन्ही नियमांनी खेळलो. नव्या साच्याने पाळी लवकर झाली, ते आवडलं. पण वाघ आणि लांडगा यांचे आकडे एकच असल्याने खेळाडूला प्राणी निवडण्यात अर्थ वाटला नाही. प्राण्याप्रमाणे एखादी तरी वेगळी क्षमता हवी.’

चार वाक्यं. कोण, किती, काय केलं, काय आवडलं, काय खटकलं. यापेक्षा लांब लिहून उपयोग होत नाही, कारण वाचणाऱ्यापुढे अशी हजारो उत्तरं असतात.

इंग्रजीचं घाबरू नका. मसुदा आणि सर्वे इंग्रजीत असतो, तेव्हा उत्तरही इंग्रजीतच द्या, पण आधी मराठीत वहीवर लिहून घ्या. मग लहान लहान वाक्यांत इंग्रजी करा. फोनवरचं भाषांतर वापरायला हरकत नाही, फक्त खेळातले शब्द स्वतः तपासा. मशीन स्पेलच्या (मंत्राच्या) जागी भलताच शब्द टाकतं आणि वाचणाऱ्याला नियमच ओळखू येत नाही. व्याकरण चुकलं म्हणून कोणी उत्तर फेकून देत नाही. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी, मॅडमनी एकदा नजर टाकली तर सोन्याहून पिवळं, आणि त्यांनाही खेळाची ओळख होते.

सर्वे फोनवर भरताना एक काळजी घ्या. मधेच रेंज गेली की लिहिलेलं पुसलं जाऊ शकतं. उत्तर आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा आणि तिथून चिकटवा.

७. प्रश्न नियमांचा नसून परवान्याचा असेल तेव्हा

हा भाग मराठीत स्वतःच्या मोहिमा लिहिणाऱ्यांनी नीट वाचावा. २००० सालापासून ओजीएल (ओपन गेम लायसन्स) नावाच्या परवान्यावर जगभरचे लोक डी अँड डीशी जुळणारं स्वतःचं साहित्य छापत आले. जानेवारी २०२३मध्ये त्याचा नवा, बराच जाचक मसुदा बाहेर फुटला आणि लोक खवळले. कंपनीने १९ जानेवारीला सुधारित मसुदा मांडून त्यावर सर्वे घेतला. १५,०००हून जास्त उत्तरं आली. ८८ टक्के लोक म्हणाले की या परवान्याखाली आम्ही काही छापणार नाही. जुना परवाना रद्द करण्यावर ८९ टक्के नाराज होते. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच राहिला, आणि एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. वर भाषांतराबद्दल जी मुभा सांगितली ती अशी मिळालेली आहे. एप्रिल २०२५मध्ये नव्या नियमांचा एसआरडीही त्याच परवान्याखाली आला.

अशा सर्वेत खेळाच्या नोंदी चालत नाहीत. तिथे तुम्ही काय करता ते सांगायचं. झाडीपट्टीतल्या जंगलावर मोहीम लिहिताय, ती छापून जत्रेत किंवा पुस्तकांच्या दुकानात ठेवायचीय, आणि मसुद्यातल्या अमुक कलमामुळे ते अडतंय, असं नेमकं लिहा. कलमाचा क्रमांक द्या. कायद्याची भाषा समजत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या ओळखीच्या वकिलाला ते कलम दाखवा. अंदाजाने घाबरून सही-मोहिमांवर नावं टाकू नका.

८. शिवीगाळ आणि धमक्या: इथे थांबा

सप्टेंबर २०२४मध्ये याच कंपनीच्या मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात कमांडर प्रकाराच्या नियम समितीने चार पत्त्यांवर बंदी घातली. त्यात मॅना क्रिप्ट आणि ज्युएल्ड लोटससारखे महागडे पत्ते होते. ज्यांचे पैसे अडकले ते चिडले, इथवर समजू शकतो. पण समितीच्या सदस्यांना धमक्या गेल्या. ही मंडळी बहुतांशी हौसेने काम करणारे खेळाडूच होते. आठवडाभरात, ३० सप्टेंबरला, समितीने त्या प्रकाराचा कारभार कंपनीच्या हाती दिला. खेळाडूंच्या हातात असलेली गोष्ट खेळाडूंमधल्याच काहींनी घालवली, याचं मला अजून वाईट वाटतं.

रचनाकारांना वैयक्तिक संदेश पाठवून वाद घालू नका. आपल्या गटातला कोणी तसं करत असेल तर मोठ्या भावाने किंवा ताईने त्याला बाजूला घेऊन समजवावं. आणि गटातच मतभेद असतील तर ते असू द्या. सगळ्यांनी एकच उत्तर भरावं असा आग्रह धरू नका.

९. हंगाम बघून बेत करा

मसुदा कधी येईल ते आपल्या हातात नसतं, पण गट केव्हा जमेल याचा अंदाज आपल्याला असतो. जूनमध्ये पेरणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की गावातलं टेबल मोडतं. अशा वेळी पूर्ण गटाची वाट बघू नका. डीएम आणि दोन खेळाडू असले तरी एक लढाई होते. पोळ्याला बाहेर शिकणारी पोरं गावी येतात, तान्ह्या पोळ्याचा दिवस लेकरांच्या गडबडीत जातो, पण त्या संध्याकाळी सगळे सापडतात. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, तेव्हा ओसरीवर पंखा लावून दोन लढाया आरामात होतात.

१०. निकाल लागल्यावर

तुमचं मत प्रत्येक वेळी जिंकणार नाही. ऑगस्ट २०२२च्या पहिल्या मसुद्यात आर्डलिंग नावाची नवी प्रजाती होती. काहींना ती फार आवडली होती, तरी सुधारून पुन्हा मांडल्यावरही ती टिकली नाही, आणि २०२४च्या पुस्तकात तिच्या जागी जुनी ओळखीची आसिमार आली. त्याच पहिल्या मसुद्यात राक्षसांना क्रिटिकल हिट (फाशावर २० पडल्यावर बसणारा जास्त जोराचा घाव) मिळणार नाही असा नियम होता, तो पुढच्याच मसुद्यात फिरवला गेला. वॉरलॉक या जादूगार पात्राची स्पेल वापरायची पद्धत बदलून बघितली आणि परत जुन्या, पॅक्ट मॅजिक नावाच्या पद्धतीवर आणली. दुसऱ्या खेळांतही असंच चालतं. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाची दुसरी आवृत्ती ऑगस्ट २०१८ला चाचणीसाठी आली, तिच्यात जादूच्या वस्तूंवर मर्यादा घालणारा रेझोनन्स नावाचा नियम होता. लोकांना तो जड गेला, आणि ऑगस्ट २०१९च्या अंतिम पुस्तकात तो नव्हता.

नको असलेला नियम छापून आलाच, तर आपल्या टेबलावर जुना चालवायला कोणी अडवत नाही. मात्र पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर ते ठरवा आणि वहीत लिहा, म्हणजे बाहेरगावचा खेळाडू आला की त्याला आधीच सांगता येतं.

नोंदवही फेकू नका. एकच नियम दोन-तीन मसुद्यांत फिरून येतो, दर वेळी थोडा बदललेला. नवा मसुदा आला की आधी आपलं जुनं उत्तर काढा, तीच गाविलगडची लढाई परत लावा, आणि नव्या सर्वेत पहिलं वाक्य हे लिहा: मागच्या वेळी आम्हाला अमुक खटकलं होतं, या वेळी ते सुटलं आहे, किंवा सुटलेलं नाही.